सर्व्हिस मोजायची वही: १४ वर्षांच्या टेनिसपटूच्या खांद्याचं प्रकरण

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, संध्याकाळी सातच्या सुमाराला तिघं जण दवाखान्यात आले. पुढं आजोबा, मागं वडील, मधे १४ वर्षांचा मुलगा. टेनिसची किट बॅग त्यानं डाव्या खांद्याला अडकवली होती. उजव्या हातानं खेळणारा मुलगा बॅग डाव्या खांद्यावर घेऊन येतो, तेव्हा निम्मी हकीकत तिथंच कळते.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत फिजिओथेरपीचा दवाखाना चालवते. हे प्रकरण घरच्यांच्या परवानगीनं लिहितेय आणि मुलाची ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत. उपचारात माझ्याकडून एक गोष्ट सुटली, तीही लिहिलीय, कारण ती सहज कुणाकडूनही सुटेल अशी आहे.

दुखणं डिसेंबरपासूनचं. सर्व्ह करताना रॅकेट डोक्यामागं जाते आणि तिथून चेंडूकडं वर येते, नेमकी त्या क्षणी खांद्याच्या मागच्या बाजूला कळ यायची. शून्य ते दहामध्ये किती, असं विचारल्यावर तो म्हणाला सहा. फोरहँडला दोन. दोन हातांच्या बॅकहँडला काहीच नाही. रात्री झोपेत दुखत नव्हतं, हाताला मुंग्या नव्हत्या, खांदा निसटल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. वडील फोनवर बोलायला बाहेर गेले तेव्हा त्यानं हळूच सांगितलं की शेवटच्या चार सामन्यांआधी त्यानं मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी घेतली होती. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "मॅडम, रँकिंग खाली गेलं असतं." २०२२ साली कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव विम्बल्डनच्या १४ वर्षांखालील स्पर्धेत खेळली, त्या बातमीचं कात्रण याच्या कपाटाच्या दारावर अजून चिकटवलेलं आहे. अशा मुलाला "थोडे दिवस खेळू नकोस" एवढंच सांगून घरी पाठवणं सोपं असतं, पण तो ऐकत नाही आणि ऐकलं तरी बरा होत नाही.

आजोबा तालमीतले. तरुणपणी खासबागेच्या कुस्ती मैदानात कुस्त्या केलेल्या, कान अजून तसेच मोडलेले. त्यांचं निदान तयार होतं. "बाई, खांदा कच्चा हाय पोराचा. आमच्या तालमीत दुखाय लागलं की आणखी शंभर जोर मारायचो. आपसूक बरं हुयाचं." त्या हिशेबानं पंधरा दिवसांपासून नातू रोज पहाटे पन्नास जोर मारत होता आणि एक लहान मुद्गल, म्हणजे तालमीतली लाकडी गदा, फिरवत होता. आबांचं म्हणणं मी झटकून टाकलं नाही. खांदा कच्चा होता, हे खरंच होतं. तो कुठून कच्चा, एवढंच शोधायचं होतं.

त्याआधी एका गोष्टीची खात्री करून घेणं भाग होतं. या वयात दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला वाढीची चकती, म्हणजे ग्रोथ प्लेट, उघडी असते. दंडाच्या हाडाची सुमारे ८० टक्के लांबी या एका चकतीतून वाढते. हाडापेक्षा ती मऊ, त्यामुळं पुन्हा पुन्हा फेकण्याच्या पिळानं ती दुखावू शकते. बेसबॉल खेळणाऱ्या मुलांमध्ये हा आजार इतका दिसतो की त्याचं नावच त्या खेळातल्या मुलांच्या लीगवरून पडलंय. टेनिसमध्येही तो होतो. तसं असेल तर फेकणं आणि सर्व्ह साधारण तीन महिने पूर्ण बंद, दुसरा मार्ग नाही. त्यात दुखणं बहुतेक वेळा दंडाच्या वरच्या भागात, बाहेरच्या अंगाला असतं आणि हाडावर दाबलं की मूल दचकतं. हा दचकला नाही. पण वर्षभरात त्याची उंची ७ सेंटिमीटर वाढलेली, म्हणून अंदाजावर राहिले नाही. अस्थिरोगतज्ज्ञांकडून दोन्ही खांद्यांचा एक्स-रे काढून घेतला. दोन्ही सांगते, कारण या वयात चकती रुंद आहे की नाही हे डाव्याशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. दोन्हीकडं सारखी होती.

मग मोजमाप. टेबलावर उताणं झोपवून, दंड शरीरापासून काटकोनात ठेवून, कोनमापक लावला. उजवा खांदा बाहेरच्या दिशेनं १०८ अंश फिरत होता, डावा ९८. आतल्या दिशेनं मात्र उजवा ३८ आणि डावा ६२. लहानपणापासून एका हातानं फेकणाऱ्या-मारणाऱ्या मुलांचं दंडाचं हाडच वाढताना थोडं मागं पिळलेलं राहतं. त्यामुळं बाहेर जास्त आणि आत कमी, असा फरक पडणं हा आजार नाही. म्हणून दोन्हींची बेरीज बघायची. डाव्याची १६०, उजव्याची १४६. नुसत्या हाडाच्या पिळानं बेरीज बदलत नाही. हे १४ अंश खांद्याच्या मागच्या स्नायूंनी आणि आवरणानं आखडून खाल्ले होते.

ताकद हातात धरायच्या यंत्रानं मोजली. उजवा खांदा आत फिरवताना १०.९ किलो, बाहेर फिरवताना ६.१. म्हणजे बाहेरची ताकद आतल्याच्या ५६ टक्के. डाव्याला हेच प्रमाण ७३ टक्के होतं. टेनिस खेळणाऱ्याचं ते निदान ७० ते ७५ असावं, असं आम्ही धरतो.

या आकड्यांचा अर्थ मी तिघांना गाडीच्या भाषेत सांगितला. मोठ्या व्यावसायिक पुरुष खेळाडूंच्या सर्व्हमध्ये दंड आतल्या बाजूला सेकंदाला २००० अंशांपेक्षा जास्त वेगानं फिरतो. तो फिरवणारे छातीचे, पाठीचे स्नायू दांडगे. चेंडू सुटल्यावर तो हात थांबवणारे खांद्याच्या मागचे स्नायू, म्हणजे सांध्याला वेढून धरणाऱ्या रोटेटर कफचा मागचा भाग, हाताच्या बोटांएवढे. या मुलाचं इंजिन डिसेंबरभर मोठं होत गेलं आणि ब्रेक आहेत तेवढेच राहिले. जोर मारल्यानं पुन्हा इंजिनच वाढत होतं. आबा लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, "म्हंजी मागनं कच्चा." अगदी तेच.

पाठीवरचं फऱ्याचं हाड, म्हणजे स्कॅप्युला, हा या प्रकरणाचा दुसरा अर्धा भाग. अर्ध्या लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या हातात देऊन त्याला दोन्ही हात पाच वेळा वर-खाली करायला लावले. वर जाताना ठीक. खाली येताना उजव्या फऱ्याची आतली कड पाठीतून पंखासारखी वर यायची. मी तळव्यानं फरा वर आणि बाहेर ढकलून आधार दिला आणि हात पुन्हा वर घ्यायला सांगितला. दुखणं पाचावरून दोनावर आलं. वडिलांना वाटलं मी काहीतरी दाबून बरं केलं. मग आबांना पुढं बोलावून त्यांचा हात तिथं ठेवला. कुस्तीगिराचा हात, कुठला स्नायू झोपलाय हे त्यांना मी सांगण्याआधीच कळलं. पुढच्या तीन महिन्यांत हा हात माझ्या फार उपयोगी पडला.

खाली पायांकडंही बघितलं. उजव्या हाताचा खेळाडू सर्व्ह मारून डाव्या पायावर उतरतो. याला डाव्या पायावर उभं राहून अर्धी बैठक घ्यायला लावली तर गुडघा आत पडत होता आणि डावा खुबा आत फक्त २२ अंश फिरत होता, उजवा ४०. सर्व्हच्या ताकदीचा निम्म्याहून थोडा जास्त वाटा पाय आणि कंबर-पोटातून येतो, असं या विषयातली जुनी आणि सतत उद्धृत होणारी मांडणी सांगते. खालून येणारं कमी पडलं की उरलेलं खांदा स्वतःच्या अंगावर घेतो.

तरीही हे सगळं त्याच्यात ऑक्टोबरमध्येही असणार. मग डिसेंबरातच का दुखलं? त्याच्या सरांना फोन लावला. ते वही ठेवणारे निघाले, हे नशीब. दिवाळीपर्यंत आठवड्याला साधारण २०० सर्व्ह. डिसेंबरात लागोपाठ तीन स्पर्धा, त्यासाठी रोज सकाळी बास्केटभर चेंडू, शिवाय सामने. आठवड्याचा आकडा ८०० च्या घरात. त्यात वाढदिवसाला वडिलांनी हौसेनं मोठ्यांची २७ इंची, ३०५ ग्रॅमची रॅकेट घेतलेली. आधीची २६ इंची, २५० ग्रॅमची. तारा पॉलिएस्टरच्या, म्हणजे कडक, ५६ पौंडांनी ताणलेल्या, टीव्हीवरचे खेळाडू वापरतात म्हणून. माझ्या मते या प्रकरणात खरं कारण हेच होतं: चौपट काम, जड हत्यार आणि नुकतं उंच झालेलं शरीर. आखडलेला खांदा आणि उठणारा फरा यांनी फक्त दुखणं कुठं निघणार ते ठरवलं.

वडिलांनी एमआरआयचं विचारलं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की काढून टाका, म्हणजे शंका राहायला नको, आणि लागलं तर इंजेक्शन देऊ. मी त्यांना २००३ साली छापलेल्या एका छोट्या अभ्यासाबद्दल सांगितलं. काहीही दुखत नसलेल्या २० अव्वल खेळाडूंचे, त्यात टेनिसपटूही होते, खांदे एमआरआयमध्ये पाहिले. खेळायच्या हाताच्या ८ खांद्यांत रोटेटर कफ फाटल्याच्या खुणा निघाल्या, दुसऱ्या हाताच्या एकाही नाही. म्हणजे चित्रात काहीतरी दिसेलच, पण ते दुखण्याचं कारण आहे की नाही हे चित्र सांगणार नाही. खांदा निसटत असता, ताकद एकाएकी गेली असती, रात्री दुखत असतं, तर मी स्वतः पाठवलं असतं. १२ आठवडे व्यायाम करून फरक पडला नाही तर काढू, असं ठरलं. इंजेक्शनचा विचारही नको, असं मी स्पष्ट सांगितलं. गोळी घेऊन खेळणंही त्या दिवसापासून बंद.

पहिले दोन आठवडे सर्व्ह आणि स्मॅश पूर्ण बंद, कोर्ट चालू. मुलांच्या शिकवणीत वापरतात त्या हिरव्या ठिपक्याच्या चेंडूनं, जो नेहमीच्या चेंडूपेक्षा २५ टक्के मंद असतो, कमरेच्या उंचीवरचे फोरहँड-बॅकहँड २० मिनिटं, जुन्या २६ इंची रॅकेटनं. दुखणं तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते उरलेलं नको. या नियमाचा मुलांना फार आधार वाटतो, कारण त्यात 'दुखलं म्हणजे बिघडलं' ही भीती नसते.

घरचा व्यायाम मुद्दाम थोडा दिला. कोपर अंगाशी, मधे टॉवेलची गुंडाळी, आणि मनगटाची बाहेरची बाजू भिंतीवर दाबून ३० सेकंद धरायचं, पाच वेळा. हात हलत नाही, पण मागचे स्नायू कामाला लागतात आणि दुखणंही उतरतं. डाव्या कुशीवर झोपून अर्ध्या लिटरची भरलेली बाटली बाहेर फिरवायची, १५ चे तीन सेट, खाली आणताना सावकाश. मागचा आखडलेला भाग सोडवायला फरा भिंतीला टेकवून उजवा हात छातीवरून डावीकडं ओढायचा. कुशीवर झोपून हात खाली दाबायचा ताण जास्त प्रसिद्ध आहे, पण त्यात याला खांद्याच्या पुढं चिमटायचं, म्हणून सोडून दिला.

आबांच्या जोराचं काय करायचं, यावर जरा चर्चा झाली. मुद्गल डोक्यामागं जातो तीच याची दुखरी जागा, म्हणून तो एप्रिलपर्यंत बंद. जोर मात्र पूर्ण काढला नाही. जोर मारून वर आल्यावर हात सरळ ठेवून जमीन आणखी खाली ढकलली की फरा छातीच्या पिंजऱ्याला चिकटवून धरणारा सेरेटस स्नायू काम करतो, आणि याला तोच हवा होता. म्हणून खाली जायचं नाही, फक्त वरचं ढकलणं, १२ चे तीन सेट. आबा मागं बसून फऱ्यावर बोटं ठेवायचे आणि कड उठली की तो जोर मोजायचे नाहीत. इतकी काटेकोर मोजणी माझ्या दवाखान्यातही होत नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून पालथं झोपून हात बाजूला आणि तिरके वर उचलणं, रबरी पट्टा मागं ओढणं, एका पायावरची बैठक, खुबा मोकळा करणं, दोन किलोचा मेडिसिन बॉल कमरेतून वळून भिंतीवर मारणं सुरू केलं. पट्टा महाग वाटला तर सायकलची ट्यूब कापून घ्या, असं मी सगळ्यांनाच सांगते. फक्त तिच्यात ताण किती ते कळत नाही, म्हणून १५ व्या वेळेला दमायला होईल इतकी ती आखूड धरायची. पाचव्या आठवड्याच्या शेवटी बाहेर फिरवायची ताकद ८ किलो, दुखणं शून्य ते एक. पुढच्या सोमवारी हलक्या सर्व्हला सुरुवात करायची, असं मी लिहून दिलं.

त्याच आठवड्यात रंगपंचमी आली.

कोल्हापुरात रंगपंचमी म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत हा गच्चीवरून पाण्याचे फुगे फेकत होता, जोर लावून, उजव्या हातानं. दुसऱ्या दिवशी वडील त्याला घेऊन आले तेव्हा ते संतापलेले आणि मुलगा डोळे पुसत होता. दुखणं पाचावर. वडील म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांगितलं होतं ना याला?" मी माझा कागद परत वाचला. त्यावर लिहिलं होतं: सर्व्ह आणि स्मॅश बंद. फेकण्याबद्दल एक शब्द नव्हता. माझ्या डोक्यात टेनिस होतं. त्याच्या खांद्याला चेंडू आणि फुगा यातला फरक कळत नाही. चूक माझी होती आणि त्याच्या समोर मी तसं सांगितलं, कारण आपण स्वतःच सगळं घालवलं, असं त्याला वाटत होतं.

तपासलं तर हालचाल कमी झालेली नव्हती, हाडावर दाबल्यावर दुखत नव्हतं, ताकद ६.६ पर्यंत उतरली होती. ही दुखापत नव्यानं झालेली नसून झेपेल त्यापेक्षा जास्त काम एकदम पडल्याची प्रतिक्रिया आहे, असं ठरवलं. चार दिवस परत भिंतीवर दाबण्याचा व्यायाम, मग बाटली, मग पट्टा. दहाव्या दिवशी तो होता त्या जागी आला. त्या दिवशी वहीत नवे रकाने आखले: सर्व्ह, स्मॅश, आणि फेकलेलं बाकी सगळं. शाळेच्या मैदानावर क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून केलेल्या फेकीसुद्धा त्यात आल्या. पहिल्याच आठवड्यात ४० निघाल्या. त्या कुणीच धरलेल्या नव्हत्या.

सर्व्ह एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाली, ठरल्यापेक्षा जवळपास तीन आठवडे उशिरा. त्याआधी दोन परीक्षा ठेवल्या: दंड काटकोनात वर ठेवून पट्टा बाहेर ओढताना फरा उठता कामा नये, आणि बाहेर-आतचं प्रमाण ७० च्या पुढं हवं. दोन्ही पार झाल्या. पहिल्या दिवशी बेसलाइनवरून नाही, नेटजवळच्या सर्व्हिस लाइनवरून, निम्म्या जोरानं २० सर्व्ह. एक दिवस आड. मग ३०, मग ४०, मग बेसलाइन, मग जोर पाऊणपट, सर्वात शेवटी पूर्ण. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची: आकडा वाढवला त्या दिवशी जोर वाढवायचा नाही. सरांनी फोनवर सर्व्हचं संथ चित्रण केलं. टॉस, म्हणजे सर्व्हसाठी वर उडवलेला चेंडू, डोक्याच्या मागं पडत होता आणि गुडघे जेमतेम वाकत होते. पायांचं काम सरांचं, त्यात मी पडले नाही; फक्त खुबा आता ३० अंश फिरतो, त्यामुळं तुम्हाला हवं ते तो करू शकेल, एवढं त्यांना कळवलं. रॅकेट २८० ग्रॅमची आली, तारा मऊ आणि ४८ पौंडांवर. वडिलांनी ३०५ ग्रॅमची विकली नाही, कपाटात ठेवली. ते मला आवडलं.

१२ आठवड्यांनंतरची मोजणी: उजवा खांदा बाहेर १०६, आत ५४, बेरीज १६०, म्हणजे डाव्याइतकीच. ताकद बाहेर ९.२, आत ११.८, प्रमाण ७८ टक्के. पूर्ण जोराच्या सर्व्हला दुखणं शून्य, कधीतरी एक. एमआरआयचा विषय कुणी पुन्हा काढला नाही. मे महिन्याच्या सुट्टीत तो एक स्पर्धा खेळला, पहिला सामना जिंकला, दुसरा हरला, आणि घरी आल्यावर हरल्याबद्दल रडला, खांद्याबद्दल नाही.

बरं झाल्यावर व्यायाम सुटतो, हा माझा नेहमीचा अनुभव. म्हणून चालू ठेवायला फक्त तीन व्यायाम उरवले, वॉर्मअपमध्ये १० मिनिटं, आठवड्यातून तीनदा. हा आराखडा माझा नाही. नॉर्वेत ६६० हँडबॉल खेळाडूंवर २०१७ साली छापलेला एक अभ्यास आहे; वॉर्मअपमध्येच असे व्यायाम करणाऱ्या संघांत खांद्याच्या त्रासाची शक्यता २८ टक्क्यांनी कमी निघाली. ते खेळाडू मोठे आणि खेळ दुसरा, त्यामुळं तोच आकडा मी याच्या खांद्याला लावणार नाही. पण १० मिनिटांत जेवढं बसतं तेवढंच टिकतं, हे मला पटलंय. चौथा व्यायाम आबांनी स्वतःच्या अधिकारात घातला, तो लहान मुद्गल. एप्रिलनंतर मीच परवानगी दिली होती, दहा फेऱ्या, सावकाश.

जूनमध्ये पाऊस लागला, कोर्ट ओली राहू लागली, सर्व्हचे आकडे आपोआप उतरले. ऑगस्टमध्ये तिघं तपासणीला आले तेव्हा खांदा ठीक होता. भिंतीशी उभं करून उंची मोजली तर मे महिन्यापासून दोन सेंटिमीटर वाढली होती. पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरसाठी सरांनी आठवड्याला ३५० सर्व्ह लिहिले होते. वही टेबलावर उघडून आम्ही ते २२० वर आणले, आणि दर आठवड्याला २० पेक्षा जास्त वाढवायचे नाहीत, असं समासात लिहिलं. मुलानं आकडा बघितला, थोडा वेळ काही बोलला नाही, मग आबांच्या खिशातलं पेन मागून घेऊन खाली स्वतःची सही केली.